गाडीला पाणी

आरटीओचं ऑफिस अजून दीड किलोमीटर लांब होतं, तेवढ्यात बोनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. अनुपमाने आपल्या बाजूचा ब्रेक हलकेच दाबून डावीकडे बोट दाखवलं, आणि निखतने घाबरत घाबरत गाडी एका रसवंतीच्या कडेला लावली.

"इंजिन बंद कर. चावी मले दे. खाली उतर, पन समोर जाऊ नको."

एप्रिल लागल्यापासून अनुपमाने ही वाक्यं इतक्या वेळा म्हटली होती, की शिकवण्याच्या इतर वाक्यांत ती मिसळून गेली होती. निखत ओढणी डोक्यावर घेऊन कडुलिंबाखाली उभी राहिली. अकरा वाजता तिची लायसन्सची टेस्ट होती. आता पावणेअकरा झाले होते आणि गाडी थंड व्हायला अर्धा तास तरी लागणार होता. रिक्षाने पुढे जाऊन उपयोग नव्हता, टेस्ट द्यायला गाडीच लागते. नांदगाव पेठेतल्या एका कापडगिरणीच्या दवाखान्यात निखत नर्स होती आणि आजची सुट्टी तिने दुसरीशी पाळी बदलून मिळवली होती. पुढची तारीख आता थेट जूनमध्ये.

रसवंतीवाल्याने सल्ला दिला, रस प्यायला आलेल्या दोघांनी दिला. एकाने तर गाडी भंगारात घालायला जागाही सुचवली. शेवटी निखतने, अजिबात न चिडता, विचारलं, "मॅडम, तुमी दुसरी गाडी काहून नाही घेत?"

"पाहू," अनुपमा म्हणाली.

खरं उत्तर घरी व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसलेलं होतं. ते विद्यार्थिनीला सांगण्यासारखं नव्हतं.

'मोहरील मोटर ट्रेनिंग' ही पाटी अनुपमाचे पती कमलाकांत मोहरील यांनी तीस वर्षांपूर्वी लावली. अमरावतीतले कित्येक वकील, प्राध्यापक, डॉक्टर त्यांच्याच हाताखाली क्लच सोडायला शिकले. सगळे त्यांना सर म्हणत. लग्नानंतर अनुपमाही त्यांच्याकडूनच शिकली, आणि पुढे बायकांच्या बॅचेस तीच घेऊ लागली. चार वर्षांपूर्वी एका तिठ्यावर सरांनी विद्यार्थ्याला "डावीकडे" म्हटलं आणि हात उजवीकडे केला. तिथून सुरुवात झाली. आधी नावं गेली, मग रस्ते, मग शर्टाची बटणं. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषध लिहून दिलं आणि औषधाने फारसं काही होणार नाही हेही सांगितलं. "डोकं विसरलं तरी हात बराच काळ विसरत नाहीत," ते म्हणाले होते. "हातांना जे येतं ते करू द्या. सवयी मोडू नका. एकदा मोडली की परत बसत नाही."

सरांच्या हातांना एक गोष्ट पक्की येत होती. रोज सकाळी सहाला ते बोरच्या नळावर स्टीलचा गडू भरत. गाडीत वाकून खालची कळ ओढत, बोनेट उचलून त्याला दांडी लावत. रेडिएटरच्या झाकणावर फडकं टाकून पाव वळसा फिरवत, कान देऊन ऐकत, मग झाकण काढत. गळ्यापर्यंत येईस्तोवर बारीक धारेने पाणी घालत. फडक्याने सगळं पुसून आत येत आणि म्हणत, "अनू, गाडीला पाणी झालं."

दिवसभरातलं त्यांचं हे एकच वाक्य बरोबर असायचं. त्यात तिचं नाव असायचं. एरवी ते तिला "अहो बाई" म्हणत, कधी आपल्या आईच्या नावाने हाक मारत. अनुपमा रोज चहा उतरवून त्या वाक्याची वाट बघत उभी राहायची.

टेस्ट हुकली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन वलगाव रोडला अब्दुल गफ्फारच्या गॅरेजमध्ये गेली. सरांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं, तेही सोबत होते. गफ्फारने त्यांना सावलीत स्टुलावर बसवून चहा दिला. मग रेडिएटरचा पाइप काढून त्यात बोट घातलं आणि अनुपमापुढे धरलं. बोटाला पांढरा, खरबरीत थर लागला होता, जुन्या माठाच्या बुडाला बसतो तसा.

"खार हाय भाभी. तुमच्या बोरचं पानी. रेडिएटर दोनदा साफ करून आनलं, पन इंजिनच्या आतबी हेच बसलं हाय. मी तीनदा हिरवं कूलंट टाकलं. सर दुसऱ्या दिवशी पानी वततात, कूलंट पातळ होते, खार अजून आत जाते."

"म्हणजे रोजच्या पाण्यानंच..."

"सरले सांगू नका," गफ्फार आवाज खाली आणून म्हणाला. "त्यायचा काही कसूर नाही. गाडीचं पानी रोज पाहाचं, हे मलेबी त्यायनंच शिकवलं."

मग त्याने उपाय सांगितला. अकोल्यात एक पार्ट्सवाला बिनपाण्याचं कूलंट ठेवतो. त्यात पाण्याचा थेंब नसतो. पाणी शंभरावर उकळतं, हे त्याच्या कितीतरी वर गेलं तरी उकळत नाही. वाफ धरत नाही, पाइपांवर दाब येत नाही, आणि पाणीच नसल्यामुळे आतला गंज आणि खार तिथेच थांबतो. "पन हे दवा नाही," तो म्हणाला. "इंजिन गरम होईलच, फक्त उतू जानार नाही. वाफ दिसनार नाही, म्हनून काट्यावर नजर ठेवा लागीन. अन् दुसरं..."

तो थांबला. दोघांनीही बाहेर पाहिलं. सर स्टुलावरून उठून कुठल्यातरी जीपच्या आरशावरची धूळ रुमालाने पुसत होते.

"शंभरात तीन हिस्से पानी गेलं तरी सारं वाया," गफ्फार म्हणाला.

अनुपमाला डॉक्टरांचे शब्द आठवत होते. पण त्या उन्हाळ्यात तीन बायका क्लास सोडून दुसरीकडे गेल्या होत्या. बॅचेस भरतात त्या मे महिन्यातच. बंगलोरहून मुलगी अवनी मदत करत होती, तरी घर चालत होतं ते या गाडीवर, आणि सरांची औषधंही. गाडी गेली तर पाणी घालायला तरी काय उरणार होतं? असं तिने स्वतःला समजावलं.

अकोल्याला ती सरांना घेऊनच एसटीने गेली. मूर्तिजापूरच्या पुढे चढावर ड्रायव्हरने गिअर बदलला तसे सर तिच्याकडे झुकून म्हणाले, "क्लच अर्धाच दाबून राहिला तो." ते अगदी खरं होतं. ती हसली, आणि थोडा वेळ तिला वाटलं की आपण दोघं कुठेतरी लग्नाला चाललो आहोत. दुकानदाराने गाडीचं वय ऐकून दोनदा खात्री करून घेतली, एवढ्या जुन्या गाडीसाठी हे कोणी नेत नाही म्हणाला, आणि दोन कॅन पुढे ठेवले. परतीच्या प्रवासात कॅन तिच्या पायांशी होते. बडनेऱ्यापर्यंत सरांनी एका कॅनची मूठ सोडली नाही.

"यात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"गाडीचं आहे."

"पाणी?"

"हो," ती म्हणाली.

गफ्फारने त्या कामाला अख्खा दिवस घेतला. जुनं पाणी काढलं, आत दवा फिरवून खार सोडवला, हवेच्या दाबाने सगळे पाइप कोरडे केले, पुन्हा इंजिन चालवून उरलासुरला ओलावा उडवला आणि मग कॅन रिकामे केले. बोनेटच्या आतल्या बाजूला लाल रंगाने ठळक लिहिलं, 'पाणी टाकू नका'. त्या पाटीवर अनुपमाचा थोडा विश्वास होता. सरांना अजून वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सहाला ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. सरांनी गडू खाली ठेवला, कळ ओढली, बोनेट उचललं. अक्षरं दिसली तशी रस्त्यावरच्या खुणा वाचून दाखवाव्यात अशा स्पष्ट आवाजात त्यांनी वाचली, "पाणी टाकू नका." आणि झाकणावर फडकं टाकलं.

अनुपमाने त्यांचा हात धरला. "आज झालं. मी घातलं."

"कधी?"

"तुमी झोपले होते तेव्हा."

त्यांनी झाकणाकडे पाहिलं, कोरड्या जमिनीकडे पाहिलं. मग गडू उचलून ते तसेच उभे राहिले. चहा दोनदा गरम करावा लागला. त्या दिवशी ते वाक्य आलं नाही.

त्यानंतर अनुपमा गाडी कुलूपबंद ठेवू लागली. सर सहाला भरला गडू घेऊन यायचे, एकेक करून चारही दारं ओढून बघायचे, एक चक्कर मारून पुन्हा पहिल्या दाराशी यायचे. तिने त्यांना जास्वंदाला पाणी घालायला लावलं. त्यांनी घातलं, नीट घातलं, आणि रिकामा गडू पुन्हा भरून गाडीपाशी गेले. फोनवर अवनीने सुचवलं की भंगारातलं एखादं रेडिएटर आणून ठेव, बाबांना त्यात ओतू दे. गफ्फारने स्वतः एक जुनं रेडिएटर आणून भिंतीशी स्टुलावर मांडलं. सरांनी ते समोरून पाहिलं, मग वाकून मागून पाहिलं. मागे भिंत होती.

"गाडी कुठं आहे?" त्यांनी गफ्फारला विचारलं.

गफ्फारने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि काम आहे म्हणून निघून गेला.

गाडी मात्र सुधारली, यात शंका नव्हती. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला. रस्ते दुपारी ओस पडत, आणि त्या ओस रस्त्यांवर अनुपमा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बायकांना तासनतास फिरवत होती. काटा अर्ध्याच्या जरा वर जाई आणि तिथेच थांबे. एकदाही वाफ आली नाही, कोणाला उन्हात उभं राहावं लागलं नाही. सोडून गेलेल्या तिघींतली एक परत आली. अनुपमा काट्याकडे बघून निर्धास्त व्हायची आणि त्याच वेळी घरी काय चाललं असेल याचा विचार करायची. क्लासच्या वेळात स्वयंपाकाच्या इंदूबाई सरांपाशी बसत.

एका सकाळी इंदूबाईंची नजर चुकवून सर रस्त्यावर गेले. शेजारच्या किसनरावांनी बॅटरी पाहायला नव्या गाडीचं बोनेट उघडून ठेवलं होतं आणि ते पाना आणायला आत गेले होते. सरांनी तिथलं एक झाकण काढलं आणि गडूभर पाणी ओतलं. ते रेडिएटरचं झाकण नव्हतं. ते ऑइलचं होतं.

अनुपमा घरी आली तेव्हा गाडी टो करून नेली होती. किसनराव फाटकात उभे होते. तीस वर्षांचा शेजार, त्यांच्या दोन्ही सुनांना अनुपमाने शिकवलेलं. तिने खर्च देते म्हटलं तर त्यांनी मान हलवली. सर आत खुर्चीत बसले होते, तिकडे न बघता ते म्हणाले, "वैनी, राग नाही. पन फाटकाले कुलूप लावत जा."

रागाने बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. दुसरी एक गोष्ट तिला जास्त टोचत होती, आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. महिन्यापूर्वी सरांनी डोळे मिटूनही रेडिएटरचं झाकण ओळखलं असतं. हे आजाराने झालं, की आपण हाताचं काम काढून घेतलं म्हणून झालं? डॉक्टरांनाही हे सांगता आलं नसतं. तिने फाटकाला कुलूप लावलं.

कुलूप लागल्यानंतर आठवड्याभरात सर सहाला उठेनासे झाले. मग आठलाही उठवावं लागे. गडू नळापाशी उपडा पडून असायचा. दारं ओढून बघायचा त्रास संपला, घर शांत झालं, आणि इंदूबाई म्हणाल्या की आता बरं आहे, कुठं जात नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निखतची टेस्ट झाली. त्या दिवशी गाडी अजिबात तापली नाही, निखतने आठचा आकडा एका दमात काढला, आणि दोन दिवसांनी लायसन्स हातात पडलं तशी ती खजुराचा डबा घेऊन घरी आली. सरांना सलाम करून त्यांच्यासमोर बसली. अनुपमा त्यांना वरणभात भरवत होती. निखतने थोडा वेळ पाहिलं. तिची नजर नर्सची होती.

"मॅडम, सर एप्रिलमध्ये सोताच्या हातानं जेवत होते ना?"

अनुपमाचा घास हातातच राहिला. "हो," ती म्हणाली. मग तिने आठवून पाहिलं. दहा दिवस झाले असतील, कदाचित पंधरा. वेळ वाचावा म्हणून एकदा भरवलं होतं, मग दुसऱ्यांदा. सरांचे दोन्ही हात मांडीवर पालथे पडलेले होते, कोणीतरी तिथे ठेवून विसरल्यासारखे.

"हातात काहीतरी देत जा," निखत हळू म्हणाली. "काहीबी. जे त्याईले येते ते."

निखत गेल्यावर अनुपमाने सरांचं तोंड पुसलं, ताट उचललं. गफ्फारचं बोलणं तिला तोंडपाठ होतं. एक गडू पाणी गेलं की सगळं कूलंट काढून टाकावं लागणार. पुन्हा अकोला, पुन्हा अख्खा दिवस गॅरेज. आणि उद्या घातलं तर परवाही घालणार, म्हणजे बिनपाण्याचा विषय कायमचा संपला, आणि पुढच्या उन्हाळ्यात बहुतेक गाडीही. तिने हे सगळं नीट विचारात घेतलं, आणि तरीही ठरवलं.

सकाळी पावणेसहाला तिने सरांना उठवलं, तोंड धुऊन दिलं, कोपराला धरून बाहेर आणलं. गाडीचं कुलूप काढून दार उघडं ठेवलं आणि बाजूला झाली. सर दारापाशी उभे राहिले. कळीकडे वाकले नाहीत. तिने थोडं थांबून कळ स्वतःच ओढली, बोनेट उचलून दांडी लावली. नळावर गडू भरून तिने तो त्यांच्या हातात दिला. बोटं गडूभोवती नीट वळली, तेवढ्यानेही तिला आशा वाटली.

"गाडीला पाणी," ती म्हणाली. "ओता तुमी."

सरांनी लाल अक्षरांकडे पाहिलं. ती वाचली नाहीत. इंजिनाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. परक्या घरी जेवायला बसलेल्या माणसाला अनोळखी पदार्थ वाढावा आणि त्याने यजमानाचा मान राखून हसावं, तसे ते हसले. तिने झाकणावर फडकं टाकलं, पाव वळसा फिरवला, झाकण काढून बाजूला ठेवलं. आत निळसर, संथ, काठोकाठ भरलेलं होतं. त्यात आणखी काही मावणार नव्हतं, पण एक घोट जरी त्यांच्या हाताने पडला तरी तिला तेवढंच हवं होतं.

"इथं," तिने बोट दाखवलं. "बारीक धारेनं. तुमीच शिकवलं मले."

सरांनी गडू वर उचलला आणि तोंडाला लावला. एक घोट घेतला. पाणी खारट होतं, त्यांनी तोंड वाकडं केलं आणि गडू अदबीने तिच्यापुढे धरला.

तिने त्यांचं मनगट धरून गडू खाली वळवला, रेडिएटरच्या तोंडापर्यंत आणला. हात कुठेही अडला नाही. ती नेईल तिकडे येत होता. धार पडणार तोच ती थांबली. ते तिचंच ओतणं झालं असतं. तिने मनगट सोडलं, गडू काढून घेतला, पाणी जास्वंदाच्या आळ्यात रिकामं केलं. झाकण घट्ट लावून बोनेट पाडलं. गाडीचं काही बिघडलं नव्हतं. गाडी अजून दोन-तीन वर्षं सहज चालणार होती.

साडेसहाला नवी विद्यार्थिनी आली. आकांक्षा, कॉलेजात शिकणारी, पहिलाच दिवस. तिने स्कूटी फाटकाशी लावली, आत आली आणि गाडीपाशी उभ्या असलेल्या सरांना पाहून जरा बिचकली. त्यांच्या शर्टाच्या पुढच्या भागावर पाणी सांडलेलं होतं. हे गाडी धुणारे आहेत का, असं तिने अनुपमाला हळूच विचारलं.

"हे सर आहेत," अनुपमा म्हणाली. "मले गाडी यांनीच शिकवली."

आकांक्षाने वाकून नमस्कार केला. सर सावरून ताठ उभे राहिले. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या शेजारी उभ्या असलेल्या अनुपमाकडे, आणि दोन्ही हात जोडून दोघींनाही नमस्कार केला.